‘पाणी येते’ : क्रियापद आणि कर्ता

मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसवली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. उत्तरेकडील डोंगरांत झिरपलेले पाणी त्याने भुयारी नहरीत घेतले आणि केवळ उताराच्या बळावर शहरातील हौदांपर्यंत पोहोचवले. ‘नहरीचे पाणी येते’ हे वाक्य तेव्हा जवळजवळ शब्दशः खरे होते.

आज शहराला पाणी मिळते ते सुमारे ५० किलोमीटरांवरील जायकवाडी जलाशयातून, चढावर उपसून; तेही अलीकडच्या वर्षांत अनेक वस्त्यांना कित्येक दिवसांआड. तरीही आपण ‘पाणी आले’ असेच म्हणतो. व्याकरणात येथे कर्ता पाणी आहे. व्यवहारात मात्र ते कोणीतरी ‘सोडते’, आणि कोणत्या वस्तीला आधी, किती वेळ, हेही ठरवते. ‘पाणी सोडले’ या कर्मणी रचनेतही कर्ता गाळता येतो. पण त्याची रिकामी जागा दिसत राहते, आणि ‘कोणी?’ असे विचारता येते. ‘आले’ या अकर्मक क्रियापदापुढे तो प्रश्नच सुचत नाही. नळ नसलेल्या वस्तीत टँकरही ‘येतोच’!

स्वाध्याय : आपल्या परिसरात पाण्याविषयी बोलली जाणारी पाच वाक्ये नोंदवा. प्रत्येकातील व्याकरणिक कर्ता आणि प्रत्यक्ष कृती करणारी व्यक्ती वा यंत्रणा वेगवेगळी लिहा.