घोड्याचा डोळा दुखावला तर : आधी तपासणी, मग थेंब

मैत्रिणींनो, शेळी, म्हैस, देवणी आणि लालकंधारी गाय यांच्याविषयी आपल्या गटांत नेहमी बोलणं होतं. घोड्याविषयी फारसं होत नाही. पण लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत दर मार्गशीर्षात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथं घेतलेली घोडी पुढं कुणाच्या दारात वरातीवर कमावते, तर कुणाच्या दारात ओझं वाहते. गडी माणूस तिला कामावर नेतो, पण वैरण-पाणी आणि लीद काढणं बहुतेक घरी बाईकडंच असतं. म्हणून डोळ्याला काही झालं तर ते आधी आपल्याच नजरेला पडतं.

इजा कशानं होते?
घोड्याचे डोळे मोठे आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळं कडब्याचं धसकट, गवताचं कुसळ, बाभळीचा काटा, गोठ्यातला खिळा किंवा पत्र्याची कड चटकन लागते. फटाक्याला बिचकून डोकं आपटलं तरी लागतं. बुबुळावरचा काचेसारखा पडदा जेमतेम एक मिलिमीटर जाड असतो. त्यावर ओरखडा पडला की जखमेत जंतू किंवा बुरशी शिरते. काडी-कुसळानं झालेल्या जखमेत बुरशीची भीती जास्त.

ओळखायचं कसं?
- एक डोळा अर्धा किंवा पूर्ण मिटलेला.
- सारखं पाणी किंवा पू येणं.
- त्या डोळ्याच्या पापणीचे केस दुसऱ्या डोळ्यापेक्षा खाली झुकलेले.
- बुबुळावर पांढरट किंवा निळसर झाक.
- उजेडाकडं तोंड न करणं, डोळा घासणं.

यातलं एक जरी दिसलं तरी "उद्यापर्यंत बघू" म्हणू नका. जखम चिघळली तर एक-दोन दिवसांतच डोळा जाऊ शकतो.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं?
1. जनावराला सावलीत, अंधाऱ्या जागी बांधा. डोळा घासू देऊ नका. त्या दिवशी काम बंद.
2. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा 1962 या टोल फ्री नंबरवर फोन करा.
3. धूळ-कचरा गेला असेल तर मेडिकलमधल्या साध्या सलाईननं डोळा हळूच धुवा. ते नसेल तर उकळून थंड केलेलं स्वच्छ पाणी चालेल.
4. काटा रुतलेला असेल तर उपसू नका, धुऊही नका. जखम आरपार असली तर आतलं पाणी बाहेर येतं.
5. पापणी फाटून लोंबत असेल तर तो तुकडा कापू नका. डॉक्टर तो शिवू शकतात. घोड्याला धनुर्वात लवकर होतो, म्हणून त्याच्या इंजेक्शनचंही विचारा.

काय अजिबात करायचं नाही?
तंबाखूचा रस, मीठ फुंकणं, चुना, दूध यांतलं काहीही नको. सलाईनमध्ये लिटरमागं फक्त नऊ ग्रॅम मीठ असतं. नुसतं मीठ फुंकलं तर जखम भाजून निघते.

सगळ्यात मोठा धोका घरात पडून असलेल्या थेंबांचा. माणसांच्या आणि जनावरांच्या डोळ्यांच्या बऱ्याच औषधांत स्टिरॉइड असतं. ते टाकलं की लाली कमी होते, दुखणं थांबल्यासारखं वाटतं. पण बुबुळावर जखम असेल तर स्टिरॉइड ती भरू देत नाही, जंतू-बुरशी वाढते आणि पडदा वितळत जातो. उलट, डोळ्याला आतून सूज येण्याचा एक आजार घोड्यांत असतो. त्यात हेच स्टिरॉइड कामाचं. दोन्हींत डोळा लाल, पाणावलेला, मिटलेला दिसतो. बाहेरून फरक कळत नाही. डॉक्टर डोळ्यात एक रंग टाकतात. जखम असेल तिथं तो हिरवा उमटतो. म्हणून ही तपासणी झाल्याशिवाय कुठलाच थेंब टाकायचा नाही. दुखणं वाढलं तर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं का, हेही डॉक्टरांना विचारा.

डॉक्टर गेल्यावर
औषध दिवसातून बरेच वेळा, कधी दोन-दोन तासांनीसुद्धा टाकावं लागतं. दोघींनी मिळून करा. एकीनं दावं धरावं. दुसरीनं हाताचा तळवा घोड्याच्या डोक्यावर टेकवून थेंब सोडावा, म्हणजे डोकं हललं तरी हात सोबत हलतो आणि बाटलीचं टोक डोळ्यात घुसत नाही. ॲट्रोपिन दिलं असेल तर बाहुली मोठी राहते, ऊन सोसत नाही. त्यानं आतड्याची हालचालही मंदावू शकते. लीद कमी झाली किंवा पोट दुखायला लागलं तर लगेच कळवा. बरं वाटलं म्हणून औषध मध्येच सोडू नका.

गटानं काय करायचं?
वरातीची घोडी एका डोळ्यानं गेली की त्या बाजूनं बिचकते. काम कमी मिळतं, बाजारात भाव पडतो, आणि तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा :
- आजारी जनावरासाठी अंतर्गत कर्ज त्याच दिवशी कसं मिळेल?
- डॉक्टरांचा नंबर आणि 1962 कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये आहे?
- एखादी ताई एकटी असेल तर थेंब टाकायला दुसरी कोण जाईल?

गावात पशुसखी असेल तर हा पाठ तिच्यासोबत बसून वाचा. आणि आजच घरी गेल्यावर गोठ्यातले वर आलेले खिळे ठोकून टाका.