दोघांची शीडनौका : ब्रिटिश व्हर्जिन बेटांतील सागरविहाराविषयी अनुभवाचे बोल

कॅरिबियन समुद्राच्या ईशान्य टोकाशी, पोर्तो रिकोच्या पूर्वेस असलेला ब्रिटिश व्हर्जिन बेटांचा समूह हा शीडनौकेने निवांत हिंडू इच्छिणाऱ्या दांपत्यांसाठी फार सोयीचा जलप्रदेश मानला जातो, आणि हा लौकिक अनाठायी नाही. टॉर्टोला हे मुख्य बेट आणि त्याच्या दक्षिणेस ओळीने पसरलेली नॉर्मन, पीटर, सॉल्ट, कूपर व जिंजर ही बेटे यांच्या दरम्यान सर फ्रान्सिस ड्रेक यांच्या नावाची सामुद्रधुनी आहे. महासागराच्या लाटा बेटांच्या रांगेवर अडत असल्याने तिच्यातले पाणी बरेचसे शांत राहते, भरती-ओहोटीतला फरक जेमतेम हातभर असतो आणि एका बेटावरून पुढचे बेट नुसत्या डोळ्यांनी दिसते. येथे नौका 'बेअरबोट' पद्धतीने, म्हणजे तांडेल किंवा खलाशी बरोबर न घेता, भाड्याने मिळते, आणि त्यासाठी भाडेकरूने आपला नौकानयनाचा पूर्वानुभव लेखी कळवावा लागतो.

हा अनुभव बहुधा दोघांपैकी एकाचाच असतो आणि दुसरी व्यक्ती प्रवासी म्हणून नौकेवर चढते, याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. प्रस्तुत लेखक व त्याची पत्नी यांना या बेटांमध्ये हिंडताना जे दिसले व जे निभावून न्यावे लागले, त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगता येते : दोघांपैकी प्रत्येकाला एकट्याने नौका थांबवता येत नसेल, तर ती सहल कितीही संथ असली तरी सुरक्षित नाही. सहा नॉट वेगाने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर) जाणारी नौका दर सेकंदाला सुमारे तीन मीटर पुढे सरकते, म्हणजे पाण्यात पडलेला माणूस अर्ध्या मिनिटात नव्वद मीटर मागे राहतो आणि लाटांमध्ये त्याचे डोके दिसेनासे होऊ लागते. जाणकारच पाण्यात पडला, तर सुकाणू प्रवाशाच्या हाती येते. अशा वेळी तरंगते कडे तत्काळ फेकणे, पडलेल्या माणसावरची नजर न हटवणे, नौकेचे तोंड वाऱ्याकडे वळवून शिडांतला जोर घालवणे, पाण्यात एखादा दोर लोंबकळत नाही ना हे पाहूनच इंजिनाचा पंखा फिरवणे आणि माणूस जवळ येताच तो पुन्हा बंद करणे, हा क्रम हातांच्या सवयीचा असावा लागतो. त्यासाठी पहिल्याच दिवशी, किनारा जवळ असताना, एक फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून नौकेच्या कडेला बांधतात तो हवेचा फुगा) पाण्यात टाकून प्रत्येकाने तो एकट्याने परत उचलून पाहावा, आणि व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर मदत कशी मागायची हेही दोघांनी शिकून घ्यावे.

दुसरी कसोटी नांगराची. नांगर आपल्या वजनाने नौका धरून ठेवतो हा समज चुकीचा आहे. साखळीची ओढ तळाला समांतर राहिली तरच त्याचे टोक वाळूत रुतते, आणि ती ओढ वर उचलली गेली की नांगर निसटतो. म्हणून सहा मीटर खोल पाणी व पाण्याच्या पृष्ठभागापासून नौकेच्या नाळेपर्यंतची आणखी एक मीटर उंची धरून, या सात मीटरांच्या निदान पाचपट, म्हणजे पस्तीस मीटर, साखळी सोडावी लागते, आणि वारा जोरदार असेल तर सातपट. त्यानंतर इंजिन उलट चालवून नांगर ताणून पाहायचा असतो, परंतु तेवढ्यानेही खात्री पटत नाही. कूपर बेटाच्या पश्चिमेकडील खाडीत तळाशी समुद्रगवत माजलेले आहे. तेथे लेखकाची पत्नी पाणचष्मा लावून साखळीच्या वरून पोहत गेली, तेव्हा वरून पक्का वाटलेला नांगर गवतावर कुशीवर पडलेला आणि त्याच्या टोकात मुळांसकट उपटलेला झुपका अडकलेला दिसला. उजेड असल्यामुळे तो उचलून स्वच्छ वाळूवर पुन्हा टाकता आला. रात्री वारा फिरला असता, तर हेच काम अंधारात, इतर नौकांच्या गर्दीत करावे लागले असते. पोवळ्यांवर तर नांगर कधीही टाकू नये, कारण एका ओरखड्यात जे मोडते ते वाढायला दशके लागलेली असतात. याच कारणाने अनेक खाड्यांमध्ये तळाला बांधलेले बोये बसवले आहेत; त्यांपैकी राष्ट्रीय उद्यान संस्थेचे बोये केवळ दिवसा वापरण्यासाठी असतात. मुक्कामाच्या जागी दुपारीच पोहोचावे, हा नियम या सर्वांतून निघतो.

मार्ग आखताना वाऱ्याची दिशा आधी पाहावी. उष्ण कटिबंधात पूर्वेकडून सातत्याने वाहणारे व्यापारी वारे येथे जवळजवळ वर्षभर असतात, आणि शीडनौका वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून तिला नागमोडी जावे लागते, म्हणून पूर्वेकडचे दहा सागरी मैल प्रत्यक्षात चौदा होतात. पश्चिमेकडच्या योस्ट व्हॅन डाइक बेटाकडे वारा पाठीवर घेऊन सुखाने गेलेली जोडपी परतीच्या दिवशी थकतात ती यामुळेच. डिसेंबर-जानेवारीत हेच वारे पंचवीस नॉटांच्या वर जातात, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दहाऐवजी वीस नॉटांचा वारा शिडावर चौपट जोर देतो. शीड आखडते घ्यावे का, असा विचार मनात येताच ते घ्यावे. ॲनेगाडा हे बेट प्रवाळाचे असून समुद्रसपाटीपासून जेमतेम आठ-नऊ मीटर उंच आहे, आणि त्याला लागून असलेल्या हॉर्सशू प्रवाळभित्तीवर शेकडो जहाजे फुटली आहेत. तेथे सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच जावे, कारण समोरून ऊन आले की पाण्याखालचा खडक दिसत नाही.

जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम होय. २९ ऑक्टोबर १८६७ रोजी 'ऱ्होन' हे टपालजहाज अशाच वादळात सॉल्ट बेटाच्या खडकावर फुटले, आणि ६ सप्टेंबर २०१७ रोजी 'इर्मा'ने टॉर्टोलातील नौकांचा चुराडा केला; कोकणचा कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी ओढून ठेवतो, तसाच संयम येथेही बाळगावा, भाडे कितीही उतरलेले असो. किनाऱ्यावरच्या मँचिनील झाडाची सफरचंदासारखी हिरवी फळे विषारी असतात व त्याच्या चिकाने कातडीला फोड येतात, म्हणून पावसात त्याखाली आडोसा घेऊ नये.

मुंबई बंदरात किंवा गोव्यात शिडाचे शिक्षण घेऊन जाणाऱ्यांनी आणखी एक फरक ध्यानात ठेवावा : भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात, तर अमेरिका खंडांच्या परिसरातील पद्धतीनुसार येथे तो उजव्या हाताला ठेवावा लागतो. हे शिक्षण पतिपत्नी दोघांनी घ्यावे, आणि ते पूर्ण होईपर्यंत नौकेचे आरक्षण करू नये, अशी कळकळीची विनंती आहे.