यरुशलेमचा पाडाव आणि बाबेलचा बंदिवास

शलमोन राजाच्या मृत्यूनंतर, इ. स. पूर्वी ९३० च्या सुमारास, इस्राएलाच्या राज्याची दोन शकले झाली. उत्तरेकडील राज्याची राजधानी शोमरोन इ. स. पूर्वी ७२२ मध्ये अश्शूरी सैन्याच्या हाती पडली व ते राज्य कायमचे लयास गेले. दक्षिणेकडील यहूदा मात्र आणखी सुमारे १३५ वर्षे टिकले. ते कसे बुडाले आणि राज्य बुडूनही प्रजा कशी तगली, हे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घेण्याजोगे आहे.

मिसर व बाबेल या दोन बलाढ्य सत्तांच्या कात्रीत हे चिमुकले राज्य सापडले होते. यहोयाकीम राजाने बाबेलाविरुद्ध बंड केले. त्याचे फळ त्याचा पुत्र यहोयाखीन यास भोगावे लागले. इ. स. पूर्वी ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेम घेऊन राजा, सरदार, लोहार व इतर कारागीर यांस बाबेलास नेले. शस्त्रे घडविणारे हातच नेले, म्हणजे पुन्हा बंड कोठून होणार?

या बंदिवानांस दोन प्रकारचा उपदेश मिळाला. दोन वर्षांत सुटका होईल, असे हनन्या सांगे. यिर्मयाने मात्र पत्र लिहून कळविले की, तेथेच घरे बांधावी, बागा लावाव्या, संसार थाटावे व त्या परक्या नगराचेही कल्याण चिंतावे. पहिला उपदेश गोड होता. खरा ठरला तो दुसरा.

इकडे सिद्कीया राजाने मिसराच्या भरवशावर पुन्हा बंड केले. शरण जाण्याचा सल्ला देणाऱ्या यिर्मयास सरदारांनी चिखलाच्या हौदात सोडले. सुमारे दीड वर्षाच्या वेढ्यानंतर तट फुटला आणि इ. स. पूर्वी ५८६ च्या सुमारास शलमोनाचे मंदिर भस्मसात झाले. सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याचे पुत्र मारले गेले व मग त्याचे डोळे काढण्यात आले.

यहोयाखीन मात्र बाबेलात जिवंत होता. त्यास व त्याच्या पाच पुत्रांस मिळणाऱ्या तेलाची नोंद तेथील मातीच्या लेखपट्टिकांवर सापडली असून ती १९३९ साली प्रसिद्ध झाली.

अश्शूरी लोकांनी शोमरोनची प्रजा दूरदूर पांगविली. बाबेलात यहूदी एकत्र वसले. मंदिर नव्हते, तरी शब्बाथ पाळता येत होता, प्रार्थना करता येत होती, पूर्वजांचे ग्रंथ जतन करता येत होते. म्हणूनच इ. स. पूर्वी ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल जिंकून परतण्याची मोकळीक दिली, तेव्हा परतावयास एक राष्ट्र शिल्लक होते. इ. स. पूर्वी ५१५ च्या सुमारास दुसरे मंदिर पूर्ण झाले.

तट व सिंहासन शत्रूस हिरावता येते; जे कंठस्थ आहे व नित्य आचरणात आहे, ते हिरावणे कठीण, हाच या इतिहासाचा बोध होय.