आंबटचुका आणि त्याचे भाऊबंद

बाजारात मिळणारा आंबटचुका हा कुट्टूच्या कुळातला. रेवंदचिनीही त्याच कुळातली. या कुळाच्या खुणा अशा :

१. खोडावर पेरे असतात. बहुधा ती फुगीर असतात.
२. देठ खोडाला मिळतो तिथे पेराभोवती पातळ पापुद्र्याची नळी असते. ही मुख्य खूण.
३. पाने साधी, बहुतेक एकाआड एक.
४. फुले बारीक, तुऱ्यात किंवा झुपक्यात येणारी.
५. फळ बहुधा तिधारी. कुट्टूचा दाणा पाहा.

पण कुळावरून गुण ठरत नाही. चुक्याची पाने आपण आवडीने खातो. रेवंदचिनीची पाने मात्र विषारी. म्हणून खुणा जुळल्या तरी नाल्याकाठचा अनोळखी पाला भाजीत घालू नका.

चुक्यातही ऑक्सॅलिक आम्ल असते. घरात कुणाला मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर त्यांनी डॉक्टरांना विचारूनच तो खावा. भाजी स्टीलच्या भांड्यात शिजवावी. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात नको.

आता जुडी निवडायला बसाल, तेव्हा पेरावरचा तो पापुद्रा मुलांनाही दाखवा.