रक्तक्षय आणि लोहाची गोळी

रक्तक्षयाच्या प्रतिबंधासाठी लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१८ मध्ये ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहिमेने त्याला नवे रूप दिले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक आपल्या हातातले आहे. गोळी घरी पोहोचते, पण ती रोज पोटात जातेच असे नाही.

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू शरीरभर वाहून नेते आणि ते तयार होण्यास लोह लागते. गर्भवतीच्या दर १०० मिलिलिटर रक्तात ते ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. तो तीव्र असेल, तर प्रसूतीतील रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. म्हणून चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोहाची एक गोळी रोज, अशी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यावयाची असते. रक्तक्षय झालेला असल्यास डॉक्टर मात्रा वाढवितात.

उपचार सुरू होताच काही आठवड्यांत हुशारी वाटू लागते आणि अनेक जणी तेथेच गोळ्या सोडतात. वास्तविक हिमोग्लोबिन पूर्ववत झाले, तरी शरीरातील लोहाचे कोठार रिकामेच असते. ते भरण्यास आणखी सुमारे तीन महिने लागतात.

गोळीने शौचास काळे होते. त्यात भय नाही. मळमळ होत असल्यास ती रात्री जेवणानंतर घ्यावी. चहा व कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये. लिंबू, आवळा, पेरू यांनी मात्र लोह अंगी लागते. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. अधिक मात्रा त्यांना घातक ठरते.

महिनाभर नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढले नाही, तर रुग्णालयात तपासणी करावी. विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलचा आजारही रक्तक्षयाचे कारण असतो.

शिक्षकांनी आठवड्याची गोळी विद्यार्थ्यांना जेवणानंतर आपल्यासमोर घ्यावयास लावावी. पंचायत सदस्यांनी गावात गोळ्या किती वाटल्या एवढेच न पाहता, किती जणींनी त्या पूर्ण घेतल्या, हेही आशाताईंना विचारावे. कार्यक्रमाचे खरे यश या दुसऱ्या आकड्यात आहे.