मोबाईलवरचे पुस्तक आणि कसाऱ्याचा ‘ऱ्या’

आपले काही सभासद व विद्यार्थी आपले लेखन स्वतःच ई-पुस्तक करून काढू इच्छितात. परंतु संगणकावर सुबक दिसणारे पान मोबाईलवर विस्कटते. त्याचे कारण आपण पाहू.

जुन्या छपाईच्या फाँटात आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात, वर देवनागरी रूप चढवलेले असते. वाचकाकडे तो फाँट नसला की वडीलधाऱ्यांचे लेखन निरर्थक चिन्हांत हरवते. म्हणून मजकूर प्रथम युनिकोडमध्ये आणावा. त्यात देवनागरी १९९१ पासून आहे.

रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी व रफार तपासावेत. ‘कसाऱ्याला’ हीच आपली कसोटी! साधा ‘र’ घेतल्यास ‘कसार्याला’ उमटते. खाली टिंब असलेला ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ असा क्रम हवा. (आचार्यांना वंदन करतात, आचाऱ्यांना जेवणाचे विचारतात!) मात्र सगळे ‘र्य’ एकदम बदलू नयेत, ‘कार्य’, ‘धैर्य’ बिघडतील. एकेक शब्द पाहूनच बदल करावा. काम कंटाळवाणे आहे खरे.

मोकळ्या जागा देऊन मध्यभागी आणलेली शीर्षके काढून शीर्षकाची शैली लावावी. ई-पुस्तकातील मजकूर पडद्याच्या मापाने वाहतो, त्यामुळे अनुक्रमणिकेत पृष्ठांक नकोत, दुवे द्यावेत. शेवटी घरातील सर्वांत लहान पडद्याच्या मोबाईलवर, अक्षर मोठे करून, सर्व पाने उलटून पाहावीत.