सर्रा : घोड्याच्या रक्तातला बहुरूपी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने घोड्याच्या रक्ताविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आम्ही वडोदऱ्याची माणसे. गायकवाडांच्या पागा इतिहासजमा झाल्या, तरी इथे लग्नसराईत वरघोडा निघतोच, आणि सजवलेली ती घोडी म्हणजे एखाद्या कुटुंबाचे सगळे भांडवल असते. भांडवल आजारी पडले तर काय करावे, हा प्रश्न आमच्या शाखेत सहज बसतो. शिवाय घोडी वाळू लागली की जो तो ‘तिची प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणून सल्ला देतो. ही शक्ती म्हणजे नेमके काय आणि ती बाटलीत विकत मिळते का, हे पाहण्यासाठी हा लेख.

रोगाचे नाव सर्रा. काही इंग्रजी शब्दकोश या शब्दाचे मूळ मराठीत दाखवतात : ‘सूर’, म्हणजे घरघरणारा श्वास. १८८० साली डेरा इस्माइल खान येथे (हे गाव आता पाकिस्तानात आहे) ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश लष्करातील पशुवैद्याने आजारी घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात वळवळणारे जंतू पाहिले. ते रक्त निरोगी जनावराला टोचले तर तेही आजारी पडते, हेही त्याने दाखवून दिले. वरिष्ठांना ते पटले नाही. पुढे जंतूला त्याचेच नाव मिळाले : ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. आपल्या पुण्याचाही यात वाटा आहे. १८८९ साली तिथे इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली आणि तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांच्या सर्ऱ्याचा अभ्यास केला. १८९३ साली ही प्रयोगशाळा कुमाऊंतील मुक्तेश्वरला हलवली गेली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

रोग पसरवते गोमाशी. तिचा चावा इतका झोंबतो की घोडा लगेच शेपटीचा फटका मारतो. माशी उडते आणि अर्धवट राहिलेले जेवण शेजारच्या जनावरावर बसून पुरे करते. सोंडेला लागलेल्या ओल्या रक्तातून काही मिनिटांत जंतूची बदली होते. माशीच्या पोटात त्याची वाढ वगैरे काही होत नाही. ती केवळ हमाल. पावसाळ्यात व त्यानंतर माश्या माजतात, तेव्हा रोगही वाढतो. म्हशीच्या अंगात हा जंतू पुष्कळदा काही लक्षणे न दाखवता गुपचूप राहतो, त्यामुळे म्हशींच्या गोठ्याला लागून घोडी बांधणे धोक्याचे असते. आमच्याकडे दोन्ही एकाच वाड्यात बांधलेली मी पाहिली आहेत.

आता मुख्य मुद्दा. जंतूच्या अंगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू दाटीवाटीने बसलेले असतात, जणू अंगरखाच. आफ्रिकेतील निद्रारोगाचा जंतू हा याचा सख्खा भाऊ. त्याच्या अंगावरचे हे प्रथिन १९७५ साली जॉर्ज क्रॉस यांनी वेगळे काढले. घोड्याचे शरीर हा अंगरखा ओळखते, त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि बहुतेक जंतू मारते. ताप उतरतो. परंतु थोड्या जंतूंनी तोवर अंगरखा बदललेला असतो. ते वाढतात, पुन्हा ताप चढतो. असे किती अंगरखे? त्यांचे आराखडे देणारी जनुके व जनुकांचे तुकडे शेकड्यांनी आहेत. आमच्या भाषेत सांगायचे तर ही बुडवी पेढी आहे. सावकार कोर्टातून हुकूमनामा घेऊन येईपर्यंत हिने दारावरची पाटी बदललेली असते, आणि जुन्या नावावरचा हुकूमनामा नव्या पाटीवर चालत नाही.

म्हणजे घोड्याची प्रतिकारशक्ती मुळात आळशी नसते. ती राबराब राबते, पण दरवेळी जुन्या पत्त्यावर. त्या धामधुमीत शरीराच्या भक्षक पेशी स्वतःच्याच तांबड्या पेशी गिळू लागतात, म्हणून रक्त कमी होते. हे एकदा ध्यानात आले की ‘शक्ती वाढवा’ या सल्ल्याचा पोकळपणा कळतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक घोडीवाले काका राहतात. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांची घोडी वाळली. चंदी नीट खायची, पण बरगड्या मोजता येत होत्या. पोटाखाली आणि पायांना सूज, मागचे पाय लटपटत. काकांची हिशेबाची वही मीच लिहिते, म्हणून सांगते : त्या दोन महिन्यांत टॉनिकच्या पाच बाटल्या आणि ‘ताकदीची’ सुई तीनदा नावे पडली होती. रक्त तपासणीच्या नावे एक पैसाही नव्हता. अखेर पशुवैद्यांनी कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन काचेवर पसरले, आणि जंतू दिसला.

उपचार म्हणजे क्विनापायरामिनचे इंजेक्शन. त्यातला एक क्षार लगेच काम करतो, दुसरा सावकाश विरघळत काही काळ राखण करतो. मात्रा वजनावर ठरते. इथे काटकसर केली तर अर्धमेले जंतू उरतात आणि औषधालाच दाद देईनासे होतात. एवढे झाल्यावर मात्र घोड्याच्या स्वतःच्या शक्तीला अर्थ आहे : विश्रांती, हिरवा चारा, जंताचे औषध, आणि तापात असताना वरातीला न नेणे. काकांना यातले शेवटचेच सर्वांत जड गेले, कारण लग्नाचे मुहूर्त काही घोडीला विचारून निघत नाहीत.

माणसाला हा रोग का होत नाही? त्याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. आपल्या रक्तात एपीओएल-१ नावाचे एक प्रथिन असते, ते हा जंतू मारते. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील सिवनी गावच्या एका शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला, आणि त्याच्या रक्तात हाच जनावरांचा जंतू सापडला. सुरामिन देऊन तो बरा झाला. पुढे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले की त्याच्या दोन्ही जनुकप्रतींत दोष होता आणि हे प्रथिन त्याच्या रक्तात मुळीच नव्हते. एका प्रथिनाचा फरक! घोड्याजवळ ते नाही, आणि कोणत्याही टॉनिकने ते येत नाही.

रक्तातला दुसरा शत्रू बाबेसिया आणि थायलेरिया. हे गोचिडीतून येतात (माझे आजोळ धारवाडचे, कन्नड विभागाच्या वाचकांनी ‘उण्णि’ म्हणावे) आणि तांबड्या पेशींच्या आत शिरतात. इथे हिशेब थोडा उलटा आहे. थायलेरियातून उठलेला घोडा जंतू बहुधा जन्मभर बाळगतो, आणि त्या शिल्लक जंतूंमुळेच त्याची प्रतिकारशक्ती जागी राहते. मात्र लांबचा प्रवास किंवा अतिश्रम झाले की दबलेला रोग उसळू शकतो.

सर्ऱ्यावर लस अजून नाही. संशोधक आता जंतूचा न बदलणारा भाग शोधतात; पाटी बदलली तरी मालकाची सही बदलत नाही, त्यातला प्रकार. २०२१ साली गुरांना होणाऱ्या ट्रिपॅनोसोमा व्हायव्हॅक्सच्या शेपटीवरील अशाच एका प्रथिनाची लस उंदरांना संरक्षण देते, असे दिसून आले. उंदरापासून घोडीपर्यंतची वाट लांब आहे. तोवर तपासणीवाचून गत्यंतर नाही. रक्त ताप चढलेला असतानाच घ्यावे, कारण ताप उतरल्यावरच्या थेंबात जंतू सापडेलच असे नाही. तेव्हा प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते. १९८५ साली स्थापन झालेल्या हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात अशा चाचण्या होतात.